घरांतील मंद इंटरनेट : दोष कोणाचा, उपाय कोणता ?

पूर्वी घरांत कुरकुर ऐकूं यावयाची ती नळाला पाणी नाहीं म्हणून, किंवा दूधवाला वेळेवर आला नाहीं म्हणून. अलीकडे तींत आणखी एकीची भर पडली आहे; ती म्हणजे, "आज नेट फारच हळू चाललें आहे !" २०२० सालच्या मार्च महिन्यांत देशभर टाळेबंदी झाली, आणि कचेरी व शाळा ह्या दोन्ही संस्था एका रात्रींत आपल्या माजघरांत येऊन बसल्या. टाळेबंदी उठली, परंतु ह्या पाहुण्या मंडळींचा मुक्काम पुष्कळ घरीं तसाच राहिला. मुलगा आठवड्यांतून दोन-तीन दिवस घरून काम करितो, सून परगांवच्या कचेरीचें काम आपल्या खोलींतून पाहते, नातवंडांची शिकवणी पडद्यावर होते, आणि आम्हां वृद्धांचें कीर्तन-प्रवचनही त्याच वाटेनें घरांत येतें. अशा स्थितींत इंटरनेट मंद असणें ही नुसती गैरसोय राहिलेली नाहीं. कित्येक कुटुंबांत तो अन्नाचा व विद्येचा प्रश्न होऊन बसला आहे.

संस्कृत शिकविण्यांत हयात घालविलेल्या मास्तरानें ह्या विषयावर लेखणी उचलावी, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु गतवर्षीं आमच्या घरीं जो प्रकार घडला, त्यांत दोष बव्हंशीं माझाच होता. आणि तो दोष इतर घरांतील वडीलधाऱ्यांच्या हातूनही होण्यासारखा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें घर साताऱ्यास, वडिलांच्या वेळचें, जाड दगडी भिंतींचें आहे. खालीं ओसरी, दिवाणखाना, माजघर व स्वयंपाकघर. वर माडीवर तीन खोल्या. लहानमोठीं मिळून नऊ माणसें. कांचतंतूची, म्हणजे ज्याला सर्वजण 'फायबर' म्हणतात त्याची, जोडणी घेतली, तेव्हां कारागिरानें राउटरची पेटी कोठें बसवूं म्हणून विचारलें. मीं दिवाणखान्यांतील लोखंडी कपाटामागचा कोनाडा दाखविला. हेतु एवढाच कीं, तारांचा गुंता व लुकलुकणारे दिवे आल्यागेल्याच्या दृष्टीस पडूं नयेत. कोनाड्यावर एक कशिद्याचा पडदाही सोडला.

कांहीं महिन्यांतच तक्रारी सुरू झाल्या. माझें निदान ठरलेलें होतें : मुलें दिवसभर चित्रफिती पाहतात, म्हणून कामाच्या माणसांना कांहीं उरत नाहीं. मीं मुलांना रागें भरलों. तेवढ्यानें भागेना, तेव्हां ५० मेगाबिटांची योजना होती ती १०० ची केली, पुढें २०० ची केली. दरमहाचें देणें वाढलें, तक्रार जागच्या जागीं राहिली.

धाकटी सूनबाई पुण्याच्या एका कंपनीचें हिशेबाचें काम माडीवरच्या मागील खोलींत बसून करते. तिनें कधीं तोंडांतून शब्द काढला नव्हता. एके रात्रीं नऊच्या सुमारास मी माडीवर निघालों, तों जिन्याच्या मधल्या पायरीवर मांडीवर संगणक घेऊन ती बसलेली. मीं विचारलें, "अग, येथें कां ?" ती संकोचून म्हणाली, "बाबा, खोलीपेक्षां येथें जरा बरी रेंज येते. परदेशच्या लोकांशीं बैठक आहे." दुसऱ्या दिवशीं मुलाकडून कळलें कीं, तिच्या वरिष्ठांचें पत्र आलें आहे : बैठकींत आपला आवाज वारंवार तुटतो; महिनाअखेर सुधारणा न झाल्यास पुण्याच्या कचेरींत रोज हजर व्हावें लागेल. म्हणजे पुण्यास वेगळें बिऱ्हाड, मुलांच्या शाळांत बदल, आणि इकडे आजारी सासूला पाहणारें माणूस नाहींसें होणें. इतकें होऊनही ती मला कांहीं बोलली नव्हती. कां, तें मागाहून समजलें : कोनाड्याची जागा मीं ठरविली होती.

मोजमाप आधीं, दोषारोप मागाहून

माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो सुट्टींत आला असतां त्याच्यापुढें मीं हें गाऱ्हाणें मांडलें. तो म्हणाला, "काका, आधीं मोजूं या, मग दोष कोणाला द्यावयाचा तें ठरवूं." न्यायशास्त्रांत प्रत्यक्षाला पहिलें प्रमाण मानिलें आहे, हें मीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल ! आणि स्वतःच्या घरांत मात्र नुसत्या अनुमानावर निकाल देऊन मोकळा झालों होतों.

रविवारीं सकाळीं आम्ही वही-पेन्सिल घेऊन निघालों. प्रथम संगणक तारेनें थेट राउटरला जोडून वेग मोजला. तो १९२ मेगाबिट भरला. मग तार काढून त्याच दिवाणखान्यांत वायफायवर मोजला, तो ११०. माजघरांत ३८. आणि माडीवरच्या मागील खोलींत कधीं २, कधीं त्याहूनही कमी. वहींतील हे चार आंकडे पाहतांच सर्व उलगडा झाला. बाहेरून येणारा प्रवाह भरपूर होता. तो आटत होता आमच्याच घरांत. पन्नासाचे दोनशें केल्यानें वरच्या खोलीच्या पदरांत कांहींच पडलें नाहीं, कारण अडथळा रस्त्यावर नसून भिंतींत होता.

वाचकांनींही प्रथम हेंच करावें. तारेनें मोजलेला वेग योजनेंतील वेगाच्या जवळपास असेल, तर दोष घरांतला समजावा. तोच फार कमी असेल, तर पुरविणाऱ्याकडचा. मोजणी सकाळीं एकदां व रात्रीं नऊच्या सुमारास एकदां करावी; कारण रात्रीं सर्व गल्लीच एका वाटेनें जाऊं लागते.

येथें एक भेद सांगून ठेवतों. योजनेचा वेग मेगाबिटांत सांगतात, आणि फाइलीचा आकार मेगाबाइटांत लिहितात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० मेगाबिटांच्या जोडणींतून सेकंदास फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. हा हिशेब ठाऊक नसल्यानें कित्येक जण उगाच फसवणूक झाली असें समजतात.

शिवाय गरज तरी किती असते ? पडद्यावरच्या एका बैठकीला जाऊन-येऊन दोन ते चार मेगाबिट पुरतात. स्वच्छ दिसणाऱ्या एका चित्रपटाला पांचएक. एका वेळीं तीन बैठकी, दोन चित्रपट आणि वर किरकोळ वापर धरला, तरी नऊ माणसांच्या घराचें तीस-चाळिसांत भागतें. म्हणजे आमची पहिली पन्नासाची योजनाच पुरेशी होती ! १५ ऑगस्ट १९९५ रोजीं आपल्या देशांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट सुरू झालें, तेव्हां दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदास कांहीं हजार बिट येत, आणि लोक त्यांतही धन्यता मानीत. २०२३ सालीं सरकारनें ब्रॉडबँड ह्या नांवास पात्र ठरण्याची किमान मर्यादा ५१२ किलोबिटांवरून २ मेगाबिटांवर नेली. आमची वरची खोली ह्या मर्यादेच्या उंबरठ्यावर उभी होती.

जागेचें महत्त्व

वायफाय म्हणजे अल्प लांबीच्या विद्युत्-चुंबकीय लहरी. अशा लहरींवर आपल्याच देशांत जगदीशचंद्र बसूंनीं कलकत्त्यास १८९५ च्या सुमारास प्रयोग केले होते, आणि भिंतींपलीकडे त्या पोहोंचवून घंटा वाजवून दाखविली होती. आजच्या राउटरांत मुख्यतः दोन पट्टे असतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदास २४० कोटी आंदोलनांचा. ह्याची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांब. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. ह्याची लहर सुमारें सहा सेंटिमीटर. पहिला वेगानें कमी, पण भिंतींतून अधिक दूर जाणारा. दुसरा चपळ, पण भिंती आड आल्या कीं लवकर दमणारा. म्हणून राउटरच्या खोलींत व लगतच्या खोलींत ५ चा पट्टा वापरावा, दूरच्या खोलींत २.४ चा. दोहोंस वेगळीं नांवें देण्याची सोय बहुतेक राउटरांत असते.

दोन्ही पट्ट्यांचे शत्रु मात्र समान. धातु लहरींना परतवून लावतो. म्हणून लोखंडी कपाट, पत्र्याची पेटी, पाठीमागें कलई असलेला मोठा आरसा हे वाईट शेजारी. पाणी त्यांना शोषून घेतें. म्हणून पाण्याची टाकी किंवा माशांचें कांचपात्र आड नसावें. जाड दगडी भिंत आणि सळया घातलेला काँक्रीटचा स्लॅब हेही मोठे अडथळे. मायक्रोवेव्हची भट्टी २.४ च्या पट्ट्याजवळच चालते. ती सुरू असतां त्या पट्ट्यांत व्यत्यय येतो. ह्या यादींतील किती गोष्टी मीं एका कोनाड्याभोंवतीं गोळा केल्या होत्या, तें वाचकांनींच मोजावें.

आम्हीं कारागिरास बोलावून पेटी माजघरांत, जिन्याशेजारच्या भिंतीवर पुरुषभर उंचीवर बसविली. हें काम मात्र स्वतः करूं नये. आंतील तंतु कांचेचा असतो, आणि त्यांतून प्रकाश धांवतो. तार कडक वांकविली तर प्रकाश बाहेर गळतो किंवा तंतु तुटतो. (प्रकाश तंतूंतून नेण्याच्या शास्त्राला 'फायबर ऑप्टिक्स' हें नांव रूढ करणारे नरिंदरसिंग कपानी हे पंजाबांत जन्मलेले, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.) एवढ्या एका स्थलांतरानें वरच्या खोलींतील वेग २ वरून २४ वर गेला. खर्च कारागिराच्या मजुरीचा.

पंगत आणि वाढपी

तरीही रात्रीं अधूनमधून आवाज तुटेच. त्याचें कारण पुतण्यानें मला माझ्या भाषेंत समजावून दिलें. वायफाय ही एका वाढप्याची पंगत आहे. एका पट्ट्यावर एका क्षणीं साधारणतः एकाच यंत्राशीं बोलणें होतें. पंगतींत एखादे आजोबा दूर टोंकाला बसलेले, कानांनीं अधू, प्रत्येक पदार्थ तीन-तीनदां विचारणारे असले, कीं वाढपी तेथेंच अडकतो आणि सबंध पंगत खोळंबते. दूर ठेवलेलें जुनें यंत्र असेंच करतें : त्याला थोडासाच मजकूर हवा असतो, पण तो सावकाश द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ इतरांच्या वांट्यांतून जातो. आमच्या पंगतींतील ते आजोबा म्हणजे ओसरीवर प्रवचन ऐकणारा माझा दहा वर्षांचा जुना फोन निघाला ! आतां प्रवचनाच्या वेळीं मी फोन घेऊन माजघरांत बसतों.

शेजाऱ्यांच्या पंगतींचाही उपद्रव होतो. २.४ च्या पट्ट्यांत परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ व ११. दाट वस्तींत सर्वांचे राउटर एकाच वाहिनीवर असले, तर कोलाहल माजतो. राउटरच्या मांडणींत जाऊन तिघींपैकीं जी मोकळी असेल ती निवडावी. परवलीचा शब्द बरेच दिवसांत बदलला नसेल तर तोही बदलावा. पाहुण्यांना दिलेला शब्द गल्लीभर फिरलेला असणें अशक्य नसतें.

तारेसारखें दुसरें कांहीं नाहीं

ज्या यंत्रावर उदरनिर्वाह किंवा परीक्षा अवलंबून आहे, तें यंत्र शक्य तर तारेनें जोडावें, हा ह्या सर्व प्रकरणाचा मुख्य सिद्धान्त समजावा. तारेंत पंगत नाहीं, भिंत नाहीं, शेजारी नाहीं. चांगली लॅनची तार शंभर मीटरपर्यंत सेकंदास १००० मेगाबिट नेऊं शकते. तींत आठ धागे असतात; त्यांतील एखादा तुटला, तर बहुधा वेग १०० वर येऊन थांबतो. म्हणून जुनी, दारांत चेंगरलेली तार वापरूं नये.

आम्हीं जिन्याच्या कडेनें पंधरा मीटर तार वर नेली, आणि तिच्या टोंकाला घरांत पडून असलेला जुना राउटर, मांडणी बदलून, 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून बसविला. त्यायोगें माडीवरचें वायफाय वेगळें व सशक्त झालें, आणि सूनबाईच्या संगणकाला स्वतःची तार मिळाली. बाजारांत भिंतीच्या सॉकेटमध्यें खोंचण्याचे 'रिपीटर' मिळतात. ते स्वस्त आहेत, परंतु त्यांतील साधे नमुने एकाच पट्ट्यावर ऐकतात आणि त्याच पट्ट्यावर पुन्हां बोलतात. त्यामुळें वेग निम्म्यावर येतो. तार नेणें अगदींच अशक्य असेल तेव्हां 'मेश' म्हणून मिळणारा पेट्यांचा संच घ्यावा. मात्र दुसरी पेटी मंद जागेंत न ठेवतां वाटेंत, जेथें लहरी अजून सशक्त आहेत तेथें, ठेवावी.

आणखी एक बारकावा. बैठकींत आवाज तुटतो तो दर वेळीं वेग कमी म्हणून नव्हे. उत्तर येण्यास विलंब लागतो म्हणूनही. हा विलंब सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. बोलणें पलीकडे पोहोंचण्यास दीडशें भागांहून अधिक वेळ लागला, कीं संभाषणांत अडखळल्यासारखें होऊं लागतें. आणि घरांतील एखादा फोन लग्नाचे शेंकडों फोटो दूरच्या साठवणींत पाठवीत असला, कीं बाहेर जाणाऱ्या वाटेवर रांग लागून हा विलंब फार वाढतो. म्हणून फोटोंची पाठवणी व संगणकाचीं मोठीं अद्ययावतीकरणें बैठकी आटोपल्यावर, रात्रीं उशिरां व्हावीं अशी योजना करावी. कामाच्या यंत्राला प्राधान्य देण्याची सोय अनेक राउटरांत असते, तीही करून घ्यावी.

विजेचा प्रश्न खेड्यांत व लहान गांवांत आहेच. बारा व्होल्टवर चालणाऱ्या राउटरसाठीं लहानसा 'मिनी यूपीएस' मिळतो. तो कांहीं तास पेटी चालू ठेवतो. घरीं इन्व्हर्टर असला तरी त्याचा उपयोग होतो. कारण वीज जातांना क्षणभर खंड पडला, तर राउटर पुन्हां उभा राहण्यास दोन-तीन मिनिटें घेतो, आणि परीक्षेंत तेवढीं मिनिटें मोलाचीं असतात.

दोष बाहेरचा असेल तेव्हां

पेटीवर 'लॉस'चा तांबडा दिवा लागला असेल, तर प्रकाशच येत नाहीं. तेथें घरांत खटपट करणें व्यर्थ. महिन्याच्या शेवटींच वेग मंदावत असेल, तर योजनेंतील मजकुराची मासिक मर्यादा संपली नाहीं ना, तें पाहावें. एरवीं पुरविणाऱ्याकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा, व तारेनें केलेल्या मोजणीचे आंकडे, दिवस व वेळ सोबत द्यावी. तेवढ्यानें समाधान न झाल्यास, दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणें त्याच कंपनीच्या अपील-अधिकाऱ्याकडे दाद मागतां येते. क्वचित् दोष कोणाच्याच हातचा नसतो : जानेवारी १९०८ नव्हे, २००८ मध्यें भूमध्य समुद्रांत, ईजिप्तजवळ, समुद्रतळाच्या तारा तुटल्या, आणि येथील कचेऱ्यांचें इंटरनेट मंदावलें होतें. अशा वेळीं धीर धरणें हाच उपाय.

आतां आमच्या घरची हकीकत पुरी करतों. तार बसविल्या दिवशीं मीं सूनबाईस बोलावून सर्वांसमक्ष सांगितलें कीं, चूक माझी होती. मुलांना रागें भरलों तेंही विनाकारण. ती म्हणाली, "बाबा, तसें नका म्हणूं. मींही बोलायला हवें होतें." त्या महिन्याच्या बैठकी निर्विघ्न पार पडल्या, आणि पुण्यास येण्याचा आग्रह वरिष्ठांनीं सोडून दिला. दोनशेंची योजना आम्हीं पुन्हां पन्नासावर आणली. दिवाणखान्यांतील कोनाडा रिकामा आहे, आणि राउटरचे दिवे माजघरांत सर्वांच्या देखत लुकलुकत असतात. आल्यागेल्यापैकीं आजवर कोणीं त्यांस नांव ठेवलेलें नाहीं.

एकत्र कुटुंबांत अन्न, पाणी व जागा ह्यांची वांटणी नीट होते कीं नाहीं, हें पाहणें वडिलांचें काम मानीत आलों आहों. त्या यादींत आतां हीही वस्तु घालावयास हवी. आणि वांटणी पाहतांना जो मोठ्यानें ओरडतो त्याचें तर ऐकावेंच. पण जिन्याच्या पायरीवर मुकाट्यानें बसलेलें माणूस कोण, तें आधीं शोधावें. येत्या रविवारीं प्रत्येक वाचकानें घरांतील सर्व खोल्यांतून एक फेरी मारून चार आंकडे वहींत लिहावेत, एवढीच विनंति आहे.